कडेची ओळ

सोमवार, ५ ऑक्टोबर १९८७

टेबलावरचा संगणक आज आला. टेंपोतून, दोन खोक्यांत. एकात काचेचा पडदा, दुसऱ्यात पेटी. आणून देणाऱ्यानं पेटी उघडून दाखवली. आत पाटीएवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर काडेपेटीच्या निम्म्या रुंदीचा एक काळा तुकडा. त्याला प्रोसेसर म्हणतात. गणित तो करतो, बाकीचं सगळं त्याला मदतीला.

सतरा वर्षं मी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात चाचण्यांची गणितं दांडा फिरवायच्या गणकयंत्रावर करतो आहे. तिथे दाते दिसतात. एक फिरला की दुसरा का फिरला ते कळतं. इथे काहीच हलत नाही. तरी उत्तर येतं. दिवसभर त्या काळ्या तुकड्याचाच विचार होता. म्हणून ही वही.

खोक्यातले थर्मोकोलचे तुकडे आवडी मागून घेऊन गेली. आवडी ठाकुरवाडीची. केंद्राच्या खाचरांत लावणी-कापणी करते, माझ्याही आधीपासून. कशाला पाहिजेत विचारलं तर म्हणाली, "तुमाला काय करायचं? तुमी डबा घेतला, मी त्याची गादी घेतली."

मंगळवार, ६ ऑक्टोबर

डॉ. सबनीसांनी बोलावलं. ते केंद्राचे प्रमुख. कमी बोलतात.

"ओव्हाळ, यंदा पाचही केंद्रांच्या चाचण्या आपल्याकडे येणार. दोनशे चाळीस तक्ते. दहा कामाच्या दिवसांत उत्तरं हवीत. गेल्या वर्षी उशीर झाला आणि एक चांगला वाण वर्षभर पडून राहिला."

दांड्यावर हे होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

दोन वाटा आहेत. हे टेबलावरचं यंत्र महिनाभर पाहायला मिळालं आहे. एकच विकत घेता येईल. किंवा खोपोलीजवळच्या कागद कारखान्यात मोठं यंत्र आहे, एकाच प्रोसेसरवर बारा माणसं काम करतात. ते आपल्याला त्यात जागा द्यायला तयार आहेत. कुठलं जलद, हे मी चाचणी करून सांगायचं.

"भाताची करता तशीच करा," सबनीस म्हणाले.

हे मला आवडलं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

दोन्ही यंत्रांची माहितीपत्रकं वाचली. प्रोसेसर घड्याळासारखा टिकटिकतो. प्रत्येक टिकेला थोडं काम. टेबलावरचा सेकंदाला ऐंशी लाख वेळा, मोठा पन्नास लाख वेळा.

म्हणजे टेबलावरचा जलद. चाचणीची गरजच नाही असं क्षणभर वाटलं. मग फुटवे आठवले. जास्त फुटव्यांचं भात जास्त पिकतंच असं नाही. लोंब्या पोकळ निघतात.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सबनीसांनी जाता जाता सांगितलं. काम खोपोलीला गेलं तर इथला गणन विभाग राहणार नाही. विभाग म्हणजे मी. माझी जागा वेंगुर्ल्याच्या केंद्रावर जाईल. "तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं," म्हणाले.

वेंगुर्ला म्हणजे एसटीनं अख्खा दिवस. चंद्रभागा भिसेगावच्या शाळेत शिकवते. तिची बदली माझ्या बदलीमागे येत नाही. नव्या घराचा स्लॅब मार्चमध्ये घातला, अजून एका खोलीला दार नाही.

तिला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग जिंकवा की तुमच्या टेबलाला."

"असं जिंकवता येत नाही."

"पोरांना मी रोज पास करते. येतं."

हसलो. पण इथे नोंद करून ठेवतो : माझा कल कोणत्याही यंत्राकडे नाही.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

खोपोलीला जाऊन आलो. यंत्राची खोली थंडगार, चपला बाहेर. कपाटाएवढं यंत्र. सांभाळणारा सदू घारे, खालापूरचा, पंचविशीतला. स्वेटर घालून बसतो.

"या, भातवाले. चपला काढल्यात? देवळात असतं तसंच. फक्त इथं प्रसाद नाय."

मी टिकांचं विचारलं. आमचा ऐंशी लाख, तुमचा पन्नास लाख.

"टाकतो ना तुमचा पावलं. पण कोंबडीची," सदू म्हणाला. "आमचा बैल हाय. तुमचा एका वेळी आठ आकडे उचलतो, आमचा बत्तीस. शून्य आणि एक, तसले आकडे. आणि दशांशाच्या गुणाकाराला आमच्यात येगळी पट्टी हाय. तुमच्यात ती बसवलेली नाय."

बराच वेळ विचारत राहिलो. टिक म्हणजे काम नव्हे. टिकेत उचललेलं ओझं म्हणजे काम. मग ओझं मोजायचं कसं? सदू म्हणाला, तुमचंच गणित दोन्हीवर टाका आणि घड्याळ लावा, दुसरं काही खरं नसतं. इतकी साधी गोष्ट मला त्याच्याकडून ऐकावी लागली.

निघताना तो म्हणाला, "रविवारी या. रविवारी मी टेपांच्या नकला काढायला येतो. हपिस रिकामं असतं, यंत्र झोपा काढतं. तेव्हा बघा याचा जोर."

रविवारी घराच्या दाराचं काम आहे. शिवाय कर्जतहून अकराची गाडी मला सोयीची. बाराच्या आत यंत्राशी पोचतो. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. चाचणी अशीच असावी.

शनिवार, १७ ऑक्टोबर

आराखडा ठरवला. गेल्या वर्षीचा एक तक्ता : चोवीस वाण, चार पुनरावृत्त्या, अकरा गुणधर्म. दोन्ही यंत्रांवर तोच प्रोग्राम. चार वेळा चालवायचा. चार वेळांचे दिवस चिठ्ठ्या टाकून काढले, जशी वाफ्यांची जागा काढतो. म्हणजे माझ्या मनाला त्यात जागा नको.

चिठ्ठ्या चंद्रभागेनं उचलल्या. "अकराचीच गाडी का?" तिनं विचारलं.

"तीच सोयीची आहे."

पुढे दिवाळीच्या सुट्ट्या.

सोमवार, २६ ऑक्टोबर

पहिली पुनरावृत्ती. खोपोलीत माझ्यासकट बाराही जागांवर माणसं. कागदाच्या साठ्याचं कुणी, गाड्यांचं कुणी. आमचा तक्ता लावला. पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. छप्पन मिनिटं.

परत येऊन केंद्रात तोच तक्ता टेबलावर लावला. एकेचाळीस.

विश्वास बसेना म्हणून उत्तरं ताडून पाहिली. चौथ्या दशांशापर्यंत सारखी. कोंबडीनं बैलाला मागे टाकलं.

बुधवार, २८ ऑक्टोबर

मोठं : पंचावन्न. टेबल : एकेचाळीस.

सदू म्हणाला, "रविवारी आला नाय तुमी."

म्हटलं, दार अजून बसलं नाही.

सोमवार, २ नोव्हेंबर

चारही झाल्या. मोठं : ५६, ५५, ५७, ५६. टेबल : ४१, ४१, ४१, ४१. टेबलावरचं दर वेळी सेकंदाला सेकंद तेच. मी सतरा वर्षांत इतका स्वच्छ तक्ता पाहिलेला नाही. पुनरावृत्त्यांत फरक नाही म्हणजे चूक नाही.

बुधवार, ४ नोव्हेंबर

अहवाल दिला. एक पान.

दोनशे चाळीस तक्ते, रोज सात तास धरून : टेबलावरच्या यंत्रावर चोवीस दिवस, मोठ्या यंत्रावर बत्तीस. दहा दिवसांत दोन्ही बसत नाहीत. त्यातल्या त्यात टेबलावरचं जवळ. ते घ्यावं आणि मुदत वाढवून मागावी.

सबनीसांनी दोनदा वाचलं. "छप्पन?" म्हणाले.

"चार वेळा घेतलं सर."

"हं." सही केली.

सोमवार, ९ नोव्हेंबर

वरून होकार आला. यंत्र घ्यायचं. माझी जागा इथेच. चंद्रभागेनं सुताराला बोलावून दार बसवून घेतलं. इतके दिवस ते भिंतीला टेकून होतं. नव्या दाराची कडी तीनदा लावून पाहिली. मग मला लावायला सांगितली.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

चाचणीच्या वाफ्यांची कापणी सुरू झाली. नोंदी घ्यायला बांधावर होतो.

कापणीआधी प्रत्येक वाफ्याच्या चारी कडांची एकेक ओळ कापून वेगळी टाकतात. ती वजनात धरत नाहीत. गेली सतरा वर्षं मीच हे नव्या माणसांना समजावतो. आज एक नवीन बाई, चिमा, कडेच्या ओळीकडे बघत होती. बाकीच्या वाफ्यापेक्षा तिचेच चूड, म्हणजे रोपांचे झुपके, दाट; लोंब्या वाकलेल्या.

"येवढं चांगलं भात आन् फेकायचं?" ती म्हणाली.

मी सांगायच्या आधी आवडी बोलली. "फेकायचं नाय गं. मोजायचं नाय. कडेच्या चुडाला शेजारी कोण हाय? एका अंगाला बांध. ऊन एकटीला, खत एकटीला, पानी एकटीला. मधली दहाजणींत वाटून खाती. हिला तिच्यासंगं काट्यावर घालशील तर काटा खोटं बोलंल."

"आन् मग?"

"मग काय. कापून बाजूला ठेव. संध्याकाळी आपन वाटून घ्यायचं. मोजायची नाय, खायची."

सगळ्याजणी हसल्या. मी नोंदवहीत वाफ्याचा नंबर चुकीचा लिहिला. खोडून परत लिहिला.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

आवडीचं बोलणं भाताबद्दल होतं. तिला संगणकाचं काय माहीत?

टेबलावरचं यंत्र एका माणसाचं. शेजारी कोणी नाही. एकेचाळीस, एकेचाळीस, एकेचाळीस, एकेचाळीस.

मोठ्या यंत्राशी बारा माणसं.

अहवाल गेला आहे. होकार आला आहे.

शनिवार, १४ नोव्हेंबर

उद्या खोपोलीला जातो. नुसतं पाहायला. यंत्र एकटं असताना किती घेतं, एवढंच. कुतूहलापायी पाहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही. चंद्रभागेला सांगितलं सदूनं बोलावलंय. ते खरंच आहे.

रविवार, १५ नोव्हेंबर

सात मिनिटं.

परत लावला. सात.

सदू स्वेटरच्या बाह्यांत हात घालून उभा होता. "म्हनलं नव्हतं? बैल मोकळा सोडून बघायचा असतो. तुमी त्याला बारा गाड्या जोडल्या आन् कोंबडीसंगं शर्यत लावली."

"त्या गाड्या मी नाही जोडल्या."

"पन अकराची गाडी तुमीच धरली की."

परतीच्या गाडीत गणित केलं. चिठ्ठ्या दिवसांच्या टाकल्या होत्या, वेळेची नाही. चार पुनरावृत्त्या एकाच जागी उभ्या राहून घेतल्या. म्हणून तक्ता स्वच्छ. मी कडेचा चूड उचलून मधल्या चुडाशेजारी काट्यावर ठेवला. नव्या माणसानं हे केलं असतं तर मी त्याची नोंदवही परत केली असती.

पण एक गोष्ट उरते. रविवार रोज नसतो. आमचे तक्ते लागणार ते कामाच्याच दिवशी. गर्दीत छप्पन, आणि छप्पन हे खोटं नाही. छप्पन गुणिले दोनशे चाळीस. बत्तीस दिवस. अहवाल चुकीच्या वाटेनं गेला तरी योग्य ठिकाणी पोचला असेल.

असेल.

सोमवार, १६ नोव्हेंबर

आज सकाळी उरलेल्या वाफ्यांची कापणी. खाचराच्या एका टोकापासून पाच बायका रांगेनं कापत होत्या. मी घड्याळ काढून उभा राहिलो. एकटी आवडी एक वाफा वीस मिनिटांत कापते. पाच जणींनी पाच वाफे किती वेळात कापले? वीसच. शंभर नव्हे.

मी छप्पनला थेट दोनशे चाळीसनं गुणलं होतं. जणू एक तक्ता संपल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. टेबलावरच्या यंत्राला ते लागू आहे. ते एका वेळी एकच धरतं. मोठं यंत्र बारा माणसांचं एकाच वेळी करतं, तर मी एकटा बारा माणसं का होऊ नये?

उद्या अकराच्या गाडीनं जातो.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

बारापैकी अकरा जागा भरलेल्या. सदूनं उरलेल्या एकाच जागेवरून आमचे पाच तक्ते एकदम लावले. मला वाटत होतं निदान दोनशे मिनिटं तरी लागतील. एकाला छप्पन, मग पाचांना.

शहाऐंशी मिनिटांत पाचही बाहेर.

"असं कसं?" मी विचारलं.

सदूनं स्वेटर वर ओढला. "पंगतीत वाढपी फिरतो ना, पानापानाला थोडं थोडं. तुमचं एक पान होतं तेव्हा एका पानाचं मिळालं. आता तुमची पाच पानं. पंगत थोडी लांबली, पन तुमच्या घरात पाचपट गेलं."

"बाकीच्यांचं?"

"त्यांना जरा उशीर. साठ्यावाले कुरकुरले मघाशी. मी म्हनलं, भात हाय, खायचं असंल तर गप बसा."

टेबलावर पाच तक्ते म्हणजे दोनशे पाच मिनिटं. एकामागे एक, काही वाटून घेता येत नाही.

दोनशे चाळीस तक्ते पाच-पाचनं. अठ्ठेचाळीस वेळा. एकोणसत्तर तास. दहा दिवस.

बरोबर दहा.

बुधवार, १८ नोव्हेंबर

आज काही लिहिण्यासारखं नाही. टेबलावरच्या यंत्राची धूळ पुसली. सबनीस दारावरून दोनदा गेले. काही विचारलं नाही.

कोणी विचारणार नाही. छप्पन खरं आहे. एकेचाळीस खरं आहे. अहवालात एकही आकडा खोटा नाही.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

दुसरा अहवाल दिला. पहिला मागे घ्यावा असं वर लिहिलं आणि कारण लिहिलं : चाचणीत कडेची ओळ धरली गेली. खाली दोन तक्ते, एकटं असताना आणि गर्दीत. मोठं यंत्र वापरावं.

सबनीसांनी वाचलं. चष्मा काढला. "मला छप्पन जरा जास्त वाटलं होतं."

"तेव्हा म्हणाला नाहीत सर."

"चाचणी तुमची होती." चष्मा परत लावत म्हणाले, "आणि दार बसवायचं होतं ना तुम्हाला."

त्यांना दाराचं कोणी सांगितलं, माहीत नाही.

चंद्रभागेला अजून बोललो नाही. हुकूम येईपर्यंत बोलण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

हुकूम आला. एक जानेवारीपासून वेंगुर्ला. डिसेंबरभर मी खोपोलीला बसून पाच-पाच तक्ते लावायचे, आणि सदूच्या हाताखालच्या माणसाला आमचा प्रोग्राम शिकवायचा.

कागद घरी नेला. चंद्रभागेनं वाचला, घडी घातली, डब्याखाली ठेवला. यंत्र हरलं म्हणून ती रागावली असं मला वाटलं. म्हटलं, आकडेच तसे होते.

"आकड्यांवर कोण रागावलंय?" ती म्हणाली. "आठ दिवस तुम्ही माझ्यासमोर जेवत होता."

नंतर बोलली नाही.

शनिवार, २८ नोव्हेंबर

टेबलावरचं यंत्र परत गेलं. खोकं होतं, आतलं थर्मोकोल नव्हतं. आवडीला विचारलं. तिनं त्याची कोंबडीला बसायला जागा केली आहे. अंडी गार पडत नाहीत म्हणाली. शेवटी भाताचा पेंढा भरून यंत्र पाठवलं.

जाताना तिनं मला एका पिशवीत तांदूळ दिले. तिच्या वाट्याच्या कडेच्या ओळीचे, घरी कांडलेले. "वेंगुर्ल्याला कुठं मिळायचं आपलं? घ्या."

रविवार, २९ नोव्हेंबर

चंद्रभागेनं तेच तांदूळ शिजवले. नवा तांदूळ, भात चिकट झाला. दोघं जेवत होतो. दोन दिवसांनी ती बोलली.

"ह्याचं एकरी काय पडतं?"

"माहीत नाही. कडेचं आहे, मोजत नाहीत."

"का?"

आवडीनं चिमाला सांगितलं होतं तसं सांगितलं. मग यंत्रांचं सांगितलं. सुरुवातीपासून. टिका, कोंबडी आणि बैल, अकराची गाडी, पंगत. तिनं हात धुतले आणि दुसऱ्या अहवालाची माझ्याकडची प्रत मागितली. शाळेतल्या वहीसारखी समोर ठेवली, लाल पेनसकट.

"हे सात कधीचं?"

"रविवारचं. मोठं यंत्र एकटं होतं तेव्हाचं."

"म्हणजे हेही कडेचंच."

"हो. पण त्याच्यासमोर टेबलाचं एकेचाळीस आहे. तेही एकट्याचंच. कडेला कडा."

"मोजत नाहीत म्हणालात ना? मग दोन्ही खोडा."

सातचा मला अभिमान वाटत होता. पहिल्या तक्त्यात मी ते मुद्दाम सगळ्यात वर घेतलं होतं.

तिच्याकडून पेन घेऊन दोन्ही खोडले. खाली दोनशे पाच आणि शहाऐंशी राहिले. उत्तर बदललं नाही. उद्या सबनीसांच्या प्रतीतही खोडेन.

चंद्रभागेनं उरलेला भात डब्यात भरला. मग विचारलं, "वेंगुर्ल्याला भाताचे कुठले वाण असतात?"

मला ठाऊक नव्हतं.

"मेमध्ये शाळेला सुट्टी असते," ती म्हणाली. "तोवर बघून ठेवा."